चौसष्ट आणि पासष्टच्या मधे

ग्रंथालयात पुस्तक उघडून बघणारी माणसं दोनच. एक वाचणारा आणि दुसरा शिवणारा. बाकी सगळ्यांचा संबंध पुस्तकाच्या पाठीशी. झाडू मारणारा पाठीवरची धूळ पुसतो, मोजदाद करणारा पाठी मोजतो, आणि समितीचे सभासद वर्षातून एकदा पाठींच्या रांगेसमोर उभं राहून फोटो काढून घेतात. मावशी शिवणारी होती. एकतीस वर्षं तिने मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं धड केली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगत. ते खरं नव्हतं, आणि खरं नाही हे फक्त तिला ठाऊक होतं.

तिच्या खोलीत जायला जिन्याखालून वाकावं लागे. आत एक लांब टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, खळीचं भांडं, मेण लावलेला दोरा, आणि भिंतीत उंचावर एकच खिडकी. दुपारी त्या खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर उतरे आणि चार वाजेपर्यंत सरकत सरकत शिकंज्यापाशी पोचे. मावशी त्या उन्हात फर्मे शिवत बसे. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाला घड्या घालून केलेली सोळा पानं. असे आठ फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक तयार. सुई आत, सुई बाहेर, दोरा ताणायचा, पुन्हा आत. तासाभराने तिचा चेहरा असा होई की दारातून कुणी हाक मारायला धजत नसे. "मावशी, कुठे आहात?" असं विचारलंच तर ती दचकून म्हणे, "इथेच की!" पण ती तिथे नसायची. मन भलतीकडेच गेलेलं असायचं.

कुठे गेलेलं असायचं ते सांगायचं, तर कंदील मालिकेपासून सुरुवात करायला हवी.

एके काळी मुलांसाठी अठरा पुस्तकांची एक मालिका निघाली होती. तीन भावंडं, थोरली, मधला आणि धाकटी, प्रत्येकाच्या हातात एक कंदील, आणि प्रत्येक पुस्तकात नवं संकट. बोगदे, बुडालेली जहाजं, बंद पडलेल्या खाणी. या मुलांना आईवडील होते की नाही याची लेखकाने कधी चौकशी केली नाही. तीन तीन दिवस ती भुयारात असत आणि एकालाही ना भूक लागे, ना शू. शाळेचा तर विषयच नको. मोठी माणसं ही पुस्तकं बघून नाक मुरडत आणि मुलं ती उशीखाली घेऊन झोपत. कंदील वाचलेलं माणूस पुढे म्हातारं झालं तरी ओळखू येई. नव्या घरात शिरलं की ते आधी माळ्याकडे बघे, आणि त्याच्या खिशात हटकून दोरीचा एक तुकडा निघे.

मावशीच्याही पिशवीत होता. लहानपणी तिचा दादा याच ग्रंथालयातून आठवड्याला एक पुस्तक आणायचा, आणि दोघं एका पांघरुणात डोकं घालून वाचायची. पाचवं पुस्तक तेवढं कधी मिळालं नाही. दादा विचारायला गेला की खिडकीतून एकच उत्तर यायचं, "पाचवं बाहेर गेलंय." दोघं मोठी झाली, दादा नोकरीसाठी दूर गेला, तरी पाचवं बाहेरच होतं. मोठेपणी तिने लग्न केलं ते बस चालवणाऱ्याशी. चालकाचा संसार म्हणजे रोज नवा मुलूख, अशी तिची समजूत. नवऱ्याने सव्वीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवली, अकरा किलोमीटर जायचं आणि अकरा यायचं. तिनेही त्यावरून त्याला आयुष्यभर छळून घेतलं.

ती मागच्या खोलीत लागली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तेव्हा तिथे बाइंडरमास्तर होते. तिला ते टाचणी म्हणत, कारण ती बारीक होती आणि कुठेही ठेवली तरी हरवायची. मास्तर चांगला फर्मा कधी फेकत नसत. पुस्तकाचं पुढचं अंग वाळवीने खाल्लं तरी मागचे फर्मे धड असले तर ते सुतळीने बांधून फळीवर ठेवायचे. कधी ना कधी दुसऱ्या प्रतीला उपयोगी पडतात. एका दुपारी ते म्हणाले, "टाचणी, फळीवर कंदीलच्या पाचव्याचे दोन अर्धे आहेत बघ. एवढे शिवून टाक."

फळीवर तीन गठ्ठे होते. पाचव्याचा पुढचा अर्धा, पाचव्याचा मागचा अर्धा, आणि अकराव्याचा मागचा अर्धा. मागच्या अर्ध्यावर पुस्तकाचं नाव कुठून असणार? मालिकेतली सगळी पुस्तकं एकाच मापाची, एकाच कागदाची, मोजून एकशे अठ्ठावीस पानांची. मास्तरांनी शिकवलं होतं, की जोडताना दोन गोष्टी बघायच्या. पानांचे आकडे लागोपाठ येतात का, आणि तुटलेलं वाक्य पुढच्या पानावर नीट पुरं होतं का. तिने दोन्ही बघितल्या. चौसष्टनंतर पासष्ट आलं. आणि वाक्य असं जुळलं: चौसष्टाव्या पानाच्या तळाशी होतं, "पाणी गळ्यापर्यंत चढलं. थोरलीने कंदील उंच धरला, वर पाहिलं, आणि". पासष्टाव्याच्या माथ्यावर होतं, "खाली सगळं गाव मुठीएवढं दिसत होतं." तिने सुईत दोरा ओवला.

पाचव्यात मुलं गुहेत बुडायला आली होती. अकराव्यात ती एका मोठ्या फुग्याच्या टोपलीत बसून उडत होती. मावशीने एका वाक्यात त्यांना गुहेतून आकाशात नेऊन ठेवलं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला चार महिन्यांनी. एक मुलगी पुस्तक परत द्यायला आली होती. खिडकीपाशी उभी राहून विचारत होती, "पण ती गुहेतून वर कशी गेली?" तेव्हाचे ग्रंथपाल म्हणाले, "नीट वाच म्हणजे कळेल." मुलगी म्हणाली, "तीनदा वाचलं." खळ आणायला निघालेली मावशी जागच्या जागी थांबली. पुस्तक तिने मागच्या खोलीत नेलं, उघडलं, आणि पाचव्याला अकराव्याचं शेपूट लागलेलं तिला दिसलं. ती फळीकडे धावली, पण पाचव्याचा खरा मागचा अर्धा तिथे नव्हता. मास्तरांनी तो अकराव्याचा, म्हणून बिनकामाचा समजून कापून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या, आणि त्या पट्ट्या इतर पुस्तकांच्या पाठींना आतून चिकटवल्या होत्या. पाचव्याचा शेवट ग्रंथालयातल्या तीसेक पुस्तकांच्या पाठीत गाडला गेला होता. तिथून तो काढायचा तर तीस पुस्तकं फाडावी लागली असती.

नोकरी अजून पक्की झाली नव्हती. ती गप्प बसली. अकरावं पुस्तक यादीत 'जीर्ण' म्हणून आधीच निकालात निघालं होतं, त्यामुळे ताडून बघायलाही काही नव्हतं. या गावातल्या मुलांसाठी पाचवं पुस्तक म्हणजे हेच.

पुढच्या वर्षी ते शिवणीत सैल होऊन तिच्याकडे आलं. परत आलेल्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, हेही तिचंच काम. खोडरबर घेऊन ती पानं उलटू लागली आणि चौसष्टाव्या पानाच्या समासात तिला बारीक अक्षर दिसलं. "धाकटीच्या खिशात खडू होता. तिने भिंतीवर दार काढलं." त्याच्या खाली दुसऱ्या हाताने लिहिलं होतं, "गुहा म्हणजे राक्षसाचं तोंड होतं. त्याला जांभई आली."

मावशीने खोडरबर खाली ठेवला. ऊन शिकंज्यापर्यंत गेलं आणि तिथून भिंतीवर चढलं. मग तिने नियमात कुठेही न बसणारी एक गोष्ट केली. एक कोरा कागद घेऊन त्याला घड्या घातल्या आणि तो कोरा फर्मा चौसष्ट आणि पासष्टच्या मधे शिवून टाकला.

सोळा पानं सहा वर्षांत भरली. तिने दुसरा फर्मा घातला. मग तिसरा. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुठे पाटी नव्हती, पण मुलांना बरोबर कळे की इथे लिहायचं. एकाने लिहिलं, "मधला मेला. म्हणूनच पुढे तो बोलत नाही." त्याच्याखाली कुणीतरी रागारागाने लिहिलं, "मेला नाही. पान ११२ वर तो शिंकतो." एकाने चार पानं खर्च करून कप्प्या आणि दोऱ्यांचं यंत्र काढलं होतं. आणि एका ठिकाणी, चुरगळलेल्या पानावर, होतं, "मला माहीत नाही ती कशी सुटली. माझी आई दवाखान्यात आहे. पण ती सुटली हे नक्की, कारण पुढचं पान आहे." हे वाचलं त्या दिवशी मावशीने दुसरं काही शिवलं नाही.

तर मन जायचं ते इथे. हाताने कुणाचं तरी व्याकरणाचं पुस्तक शिवत ती चौसष्ट आणि पासष्टच्या मधल्या अंधारात उभी असायची. पाणी गळ्याशी, वर कुठूनसा उजेड, आणि वाट अजून ठरलेली नाही. तिथे तिला भीती वाटत नसे. खरं तर तिथल्याइतकं निवांत तिला दुसरीकडे कुठे वाटत नसे. घरी जाताना ती रोज वेगळ्या गल्लीने जाई, आणि प्रत्येक वळणावर पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबे, पलीकडे काय निघेल म्हणून. निघायची तीच गल्ली, तोच न्हावी. तरी ती थांबायचीच.

एकदा ग्रंथालयाचा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला. चांगला पस्तिशीचा गडी. पाना फिरवता फिरवता त्याची नजर टेबलावरच्या पुस्तकावर गेली.

"अरे, हे अजून आहे? ह्याच्यात मी लिहिलंय, मावशी! दहा वर्षांचा होतो."

"काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"बघा की. पाण्यानेच त्यांना वर उचललं. पाण्याला खालून दाब असला की ते वर चढतं. तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं वाटलं होतं. मग तेच डोक्यात बसलं." तो हसला. "आता बघा, आयुष्य पाणी वर चढवण्यात चाललंय. बाकी लेखकाची कमाल आहे हां. मधलं सगळं गाळून टाकलं, म्हणाला, तुम्हीच शोधा!"

"हो ना," मावशी म्हणाली, आणि खळ ढवळायला वळली. लेखकाच्या नावाने आपलंच कौतुक ऐकल्यासारखं वाटून तिचे कान लाल झाले होते.

असं चाललं होतं. मग नव्या ग्रंथपाल मॅडम आल्या. बाई कामाच्या होत्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या पण मनाने सरळ. त्या बाहेरगावच्या होत्या आणि त्यांनी लहानपणी कंदील वाचलेलं नव्हतं, हा काही त्यांचा गुन्हा नाही. त्यांनी मुलांचा विभाग बघितला, नाकाला रुमाल लावला, आणि हुकूम काढला. कंदील मालिकेची नवी आवृत्ती आली आहे, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. नवा संच घ्यायचा. जुना रद्द.

रद्द पुस्तकांची कव्हरं फाडायची, पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारायचा, आणि गठ्ठे बांधून लगद्याच्या गिरणीला पाठवायचे, हे काम अर्थातच मागच्या खोलीचं. मावशीच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. एका सकाळी ढकलगाडीवरून चौदा पुस्तकं आली. तेरांवर तिने शिक्का मारला. चौदावं हातात घेतलं. पाच कोरे फर्मे पोटात घेऊन ते इतकं जाड झालं होतं की मालिकेतलं वाटतच नव्हतं. तिने ते खुर्चीवर ठेवलं, वर गादी टाकली आणि तीन दिवस त्याच्यावर बसून राहिली.

डब्याच्या पिशवीत ते सहज मावलं असतं. पण एकतीस वर्षांत तिने ग्रंथालयातून एक सुईसुद्धा घरी नेली नव्हती, आणि आता जाता जाता चोरी करायची? आणि वाचवायचं तर मॅडमना सांगावं लागणार, की हे छापलेलं पुस्तक नव्हेच, ही माझी चूक आहे. म्हणजे निरोपाच्या भाषणात 'मावशींच्या हातून फर्मा चुकत नाही' म्हणून टाळ्या पडायच्या, त्याऐवजी सगळे एकमेकांकडे बघणार. ती चुकलेली टाचणी म्हणूनच घरी जाणार.

तिसऱ्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं. तो बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या बस मोजत होता. निवृत्त झाल्यापासून त्याला तेवढा एकच उद्योग.

"अहो, समजा तुम्ही कधी बस चुकीच्या रस्त्याला नेली असती..."

"नेली होती की."

"कधी?"

"झाली अठरा-वीस वर्षं. वळण चुकलं. गाडी थेट तळ्याकाठी. चाळीस माणसं आत."

"मग?"

"मग काय. सगळे उतरले. पाणी बघितलं. एक आजोबा म्हणाले, इतकी वर्षं इथे राहतो, हे तळं माहीत नव्हतं. मग सगळे परत चढले. कुणी तक्रार केली नाही. मीच दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं."

"कुणी तक्रार केली नव्हती, तर सांगितलंत कशाला?"

"घास गिळत नव्हता."

"आणि मला कधी बोलला नाहीत! सव्वीस वर्षं मी तुम्हाला एकाच रस्त्यावरून बोल लावते!"

"तू बोलताना छान दिसतेस," तो म्हणाला आणि पुढची बस मोजू लागला.

दुसऱ्या दिवशी मावशी पुस्तक घेऊन मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. एरवी बसा म्हटल्यावर ती बसायची. आज बसली नाही. "मॅडम, हे मी चुकीचं शिवलंय. एकतीस वर्षांपूर्वी. अर्धं पाचवं आहे आणि अर्धं अकरावं. मला नंतर कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. मला काय बोलायचं ते बोला. पण हे लगद्याला पाठवू नका. ह्याच्यात मुलं आहेत."

मॅडमनी चष्मा लावला. चौसष्टाव्या पानापर्यंत भराभर आल्या. मग त्यांचा वेग कमी झाला. मावशी उभीच होती. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी शिंकलं. मॅडम एका पानावर फस्सकन हसल्या, आणि थोड्या वेळाने एका पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला. चुरगळलेलं पान आलं हे मावशीने ओळखलं.

"ह्यातलं तुमचं कुठलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माझं नाही काही. मी शिवणारी."

त्यापुढचं सगळं मावशीला न झेपणाऱ्या वेगाने झालं. मॅडमनी समितीला दाखवलं, समिती भारावली. चुकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुस्तक वाचलं, आणि तेही थाटात. दर्शनी दालनात काचेचं कपाट आलं, त्यात मखमलीवर पुस्तक उघडून ठेवलं, कुलूप लागलं, आणि शेजारी कार्ड आलं: 'बालवाचकांच्या सहभागाचा दुर्मीळ नमुना. बांधणीतील वैशिष्ट्य लक्षणीय.' मावशीने ते कार्ड दोनदा वाचलं. चुकीला वैशिष्ट्य म्हणतात हे तिला आधी कळलं असतं, तर एकतीस वर्षांचा घोर वाचला असता. आठ दिवस ती जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

नवव्या दिवशी तिने कपाटापाशी एक मुलगी बघितली. असेल नऊ-दहा वर्षांची. काचेला नाक लावून ती उघडी दोन पानं वाचत होती. वाचून झाल्यावर तिने काचेवर बोट ठेवून पान उलटल्यासारखं केलं. तिच्या दुसऱ्या हातात पेन्सिल होती. "हात नाही लावायचा हं, बाळा," कुणीतरी म्हणालं. मुलगी पेन्सिल दप्तरात टाकून निघून गेली. मावशीला एकदम वाटलं, की आपण पुस्तक वाचवलं आणि वाट बंद केली. लगद्याने जे केलं असतं तेच काचेने केलं, एवढंच की दिसायला छान.

त्या संध्याकाळी ती पुस्तकांच्या दुकानात गेली आणि पदरचे पैसे मोडून नव्या आवृत्तीतलं पाचवं आणि अकरावं विकत घेतलं. लहानपणी दादाला कधीच न मिळालेलं पाचवं आता कुणीही न मागता तिच्या हातात होतं. बाहेर पायरीवरच ती बसली. तिने ते वाक्य शोधून काढलं. थोरलीने कंदील उंच धरला, वर पाहिलं, आणि. तिने डोळे मिटले. एकतीस वर्षं ती या 'आणि'च्या पुढे उभी होती. मग डोळे उघडून वाचलं.

"आणि तिला शिडी दिसली. शेजारचे काका शिडी घेऊन आले होते."

मावशीने पुन्हा वाचलं. शिडीच होती. शेजारचे काकाच होते. काकांना बातमी कशी लागली, हेही लेखकाने सांगितलं नव्हतं. ती हसायला लागली ती थांबेचना. येणारीजाणारी माणसं बघत होती, एक बाई तर पाणी हवं का म्हणून विचारून गेली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी जीव टांगणीला लागला होता होय!

पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीचं दार बंद असे. नवी पुस्तकं शिवलेली नव्हती, नुसता पाठीला डिंक फासलेला. मावशीने त्यांना शिव्या घालत ती सोलली. सुट्या पानांना कागदी पट्ट्या लावून त्यांच्या जोड्या केल्या, जोड्यांचे फर्मे केले. नव्या छपाईत अक्षर मोठं होतं, त्यामुळे ते वाक्य पानाच्या मध्यावर तुटत होतं. तिने पानाच्या खालच्या अर्ध्यावर कोरा कागद चिकटवून काका आणि शिडी दोघांनाही झाकून टाकलं. अकराव्यातलं फुग्याचं पान काढलं, गाव मुठीएवढं दिसण्याच्या आधीचा मजकूर झाकला. आकडेही जुळत नव्हते. मास्तरांच्या दोन्ही परीक्षांत ही बांधणी सपशेल नापास होती. मधे तिने तीन कोरे फर्मे घातले. विचार करून चौथा घातला. दोरा जाड घेतला, कारण हे पुस्तक खूप हातांतून जायचं होतं.

शेवटच्या दिवशी निरोपाची भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, टाळ्याही पडल्या. सगळे पांगल्यावर ती मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि पुस्तक पुढे ठेवलं.

"मुलांच्या विभागाला माझ्याकडून देणगी. कपाटात नको. खालच्या फळीवर, हाताला येईल असं."

देणगीचं पुस्तक नोंदवण्याआधी चाळून बघायचं, हा मॅडमचा नियम. त्यांनी पानं उलटली. कोऱ्या पानांवरून बोट फिरवलं. मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग बोलल्या त्या अगदी कार्यालयीन आवाजात.

"मावशी, इथे ऐंशीनंतर एकदम त्र्याहत्तर आलंय. ही चूक आहे."

"आहे ना," मावशी म्हणाली. "माझीच आहे ती."